बोटं सुटायची वेळ

मी नोकरीत नेमकं काय करते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत समजलं नाही. शेजारणीने विचारलं की त्या सांगत, "ती संधिवाताच्या डॉक्टरांकडे वह्या भरते." पहिली काही वर्षं मी हे दुरुस्त करून पाहिलं. क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर हे शब्द त्यांना तीनदा म्हणून दाखवले. चौथ्या वेळी त्याच म्हणाल्या, "म्हणजे वह्याच ना?" तेव्हापासून मी तो विषय सोडला, कारण उत्तर हो असंच होतं.

वह्या भरण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, अशी माझी समजूत होती. आमच्या फ्रिजवर कायम तीन याद्या असतात: काय आणायचं, काय करायचं आणि कोणाला काय सांगून झालं आहे. तिसरी यादी नवऱ्याला अपमानास्पद वाटते, पण तिच्यामुळे "तू मला सांगितलंच नव्हतंस" हे वाक्य आमच्या घरात गेल्या पंचवीस वर्षांत ऐकू आलेलं नाही. हा लेख लिहिण्यापूर्वीही मी सतरा मुद्दे काढले. दुसऱ्या दिवशी वाचून पाहिले तेव्हा लक्षात आलं की त्यातले सोळा माझी बाजू चांगली दिसावी म्हणून होते. म्हणून सतरावा घेतला आहे.

मी कामाला लागले तेव्हा परदेशातून पुण्यात दोन प्रकारचं काम येऊ लागलं होतं. एक कॉम्प्युटरचं. ते सगळ्यांना दिसलं, कारण त्याच्यासाठी खराडीच्या शेतांमध्ये काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. दुसरं आमचं. ते एका जुन्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, एका लोखंडी कपाटात मावलं.

काम असं. एखादी कंपनी संधिवातावर नवं औषध काढते. ते खरोखर उपयोगी आहे का हे पाहण्यासाठी निम्म्या रुग्णांना ती गोळी आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पोकळ, म्हणजे औषधच नसलेली, गोळी देतात. नेहमीचं औषध सगळ्यांना चालूच असतं, ही वरची जोड. कोणाला कोणती गोळी मिळते हे डॉक्टरांना माहीत नसतं, मला नसतं, रुग्णाला तर नसतंच. अशा वेळी खरं काय ते फक्त नोंदींवरून कळणार. त्या नोंदी ठेवणं हे माझं काम. आमच्या धंद्याचा पहिला नियम म्हणजे जे कागदावर नाही ते घडलंच नाही. मी त्याला आपल्या मनाने एक उलटा नियम जोडला होता: जे कागदावर आहे ते घडलंच असणार. हा दुसरा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. म्हणजे पहिल्या नियमाप्रमाणे तो अस्तित्वातच नव्हता, पण हे मला उशिरा सुचलं.

आमचा आजार म्हणजे म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे. यात शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सुरुवात बहुधा हातांच्या बोटांपासून होते, दोन्ही हातांना एकदम. सांधे सुजतात आणि सकाळी उठल्यावर बोटं अशी आखडलेली असतात की मूठ वळत नाही. ती सुटायला कोणाला अर्धा तास लागतो, कोणाला निम्मा दिवस. वेळेवर आवर घातला नाही तर सांध्यातलं हाड कुरतडलं जातं आणि बोटं करंगळीच्या बाजूला झुकतात. झुकलेली बोटं परत सरळ होत नाहीत. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं समजेल.

मोजमापाची साधनं साधी होती. आमचे सर, म्हणजे दवाखान्याचे डॉक्टर, एक एक सांधा दाबून पाहात आणि मी आकृतीवर खुणा करी. मुठीची ताकद मोजायला रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून, थोडी हवा भरून रुग्णाच्या हातात द्यायचा आणि "दाबा" म्हणायचं. पारा किती चढतो ते लिहायचं. वेदना मोजायला कागदावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ. एका टोकाला अजिबात वेदना नाही, दुसऱ्या टोकाला असह्य वेदना. रुग्णाने मध्ये कुठेतरी फुली मारायची आणि मी पट्टीने मिलिमीटर मोजायचे.

या रेघेवरून माझी पहिली फजिती झाली. कसब्यातले एक निवृत्त चित्रकला शिक्षक आमच्याकडे येत. तपासणीच्या पहिल्याच फेरीला त्यांनी खिशातून स्वतःची पट्टी काढली, रेघ मोजली आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"मॅडम, वेदना शंभर आणि रेघ अठ्ठ्याण्णव. उरलेल्या दोन कुठे मांडू?"

मी मोजली. अठ्ठ्याण्णवच. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून काढलेल्या प्रतींमध्ये रेघ आकसली होती आणि मी चार महिने त्या आकसलेल्या रेघेवर माणसांची दुखणी मोजत होते. सगळे कागद नव्याने छापून आणले. मास्तर त्यानंतर प्रत्येक फेरीला आधी रेघ मोजत आणि मगच फुली मारत. माझ्यावर त्यांचा विश्वास पुन्हा कधी बसला नाही, आणि ते बरोबर होते.

प्रश्नावलीचीही गंमत होती. ती परदेशातून भाषांतरित होऊन येई. "तुम्हाला आंघोळीच्या टबात उतरता येतं का?" असं मी कात्रजच्या एका आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई, आमच्यात टबात धुणं भिजवतात. त्यात बसायला लागले तर संधिवात नाही, डोकं तपासा." मी "लागू नाही" या चौकटीत खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तेव्हा मी अशीच होते. चौकटीत खूण झाली की माझ्यापुरता प्रश्न सुटे.

सुमनबाई आल्या तेव्हा माझा दबदबा अगदी शिखरावर होता. कंपनीची एक बाई दर महिन्याला विमानाने येऊन आमचे कागद तपासे. तिला मॉनिटर म्हणतात. शाळेतल्या मॉनिटरचंच काम, फक्त पगार बरा. तिने आमचं केंद्र सगळ्यांत नीटनेटकं असल्याचं लेखी कळवलं होतं. ते पत्र मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. म्हणजे कपाट उघडलं की मला माझी स्तुती दिसे. कपाट मी दिवसातून वीसदा उघडायची.

सुमनबाई येरवड्याच्या. पंचेचाळीस-सेहेचाळीस वय, बोलायला हळू, हसताना पदर तोंडाला. साड्यांना फॉल लावायचं काम करत. पिको मशीनवर होतं, पण फॉल हातानेच लावावा लागतो. बारीक टाके, सुलट बाजूला दिसता कामा नयेत. त्यांचे टाके दिसत नाहीत अशी ख्याती होती आणि लग्नसराईत त्यांच्याकडे साड्यांचे गठ्ठे पडत. हाताची बोटं सुजायला लागून सहा महिने झाले होते. संमतीपत्रावर सही करताना त्या म्हणाल्या, "मॅडम, बाकी काही नाही. मला फक्त सुई धरता आली पाहिजे."

आपल्याला काय हवंय ते इतकं स्पष्ट बाकी कोणी सांगितलं नव्हतं. फॉर्मात त्याला रकाना नव्हता, म्हणून मी ते लिहून घेतलं नाही.

प्रत्येक रुग्णाला आम्ही एक डायरी देत असू. रोज सकाळी त्यात लिहायचं: बोटं किती मिनिटं आखडलेली होती, वेदना किती, गोळी घेतली का. ज्यांची बोटं सकाळी वळत नाहीत, त्यांना सकाळीच पेन धरून लिहायला सांगणारी ही पद्धत कोणत्या हुशार माणसाने काढली होती, मला माहीत नाही. मी मात्र ती कसोशीने राबवली. पहिल्या महिन्यात सुमनबाईंच्या डायरीत बरेच दिवस कोरे होते, जे भरले होते ते वेडेवाकडे. मी त्यांना समोर बसवून सांगितलं की डायरी पूर्ण नसेल तर औषधाच्या या अभ्यासातून नाव काढावं लागेल. नियम असा नव्हता. तो मी शिस्तीसाठी वापरत असे, जशी माझी आई बुवा येईल म्हणायची तसा.

पुढच्या फेरीपासून डायरी बदलली. एकही दिवस कोरा नाही, मोत्यासारखं अक्षर, निळी शाई, खाडाखोड नाही. मला आनंद झाला. दुहेरी आनंद, कारण एक तर वही सुंदर आणि दुसरं म्हणजे एवढं सुंदर लिहिता येतंय म्हणजे बोटं सुधारताहेत, असा निष्कर्ष मी काढला. आकडेही तसेच होते. आल्या तेव्हा दोन तास. मग पावणेदोन. मग दीड. मग सव्वा. मी प्रत्येक वेळी मोठ्याने "छान!" म्हणत असे. एकदा खालून चहा मागवला. त्यांची डायरी मी बाकीच्या रुग्णांना नमुना म्हणून दाखवू लागले. मास्तरांनाही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाले, "अक्षर तरुण आहे." मला ते कौतुक वाटलं.

सोळावा आठवडा महत्त्वाचा होता. त्या फेरीला ज्यांच्यात पुरेशी सुधारणा नसेल, त्यांना सरांनी उघडपणे जादा औषध सुरू करायचं, अशी सोय अभ्यासात मुद्दाम ठेवलेली होती. पोकळ गोळीवर कोणी अडकून पडू नये म्हणून. सरांनी सुमनबाईंचे सांधे पाहिले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले की सूज तशीच वाटते आहे, दाबल्यावर फारसं दुखत नाही म्हणतात, पण त्यांच्या मनाला पटत नाही. मी डायरी त्यांच्यासमोर उघडून धरली. दोन तासांवरून एक तास. निम्मं. सरांनी पानं उलटली, मान हलवली आणि सुधारणा आहे असं लिहून सही केली. जादा औषध सुरू झालं नाही.

आता तुम्ही विचाराल की दोन तास, पावणेदोन, दीड, सव्वा, एक, हे वाचून याद्या करणाऱ्या बाईला काहीच कसं खटकलं नाही. दुखणं जिन्यासारखं एकेक पायरी उतरत नाही. ते चढतं, घसरतं, एखादा आठवडा रुसून बसतं. मास्तरांचे आकडे पाहिले तर जाहिरातीचा कागद कोणीतरी चुरगाळल्यासारखे दिसत. मला खटकलं नाही, कारण मला जिना आवडतो. कपाटातल्या फाइलीही मी उंचीप्रमाणे लावते.

चोविसाव्या आठवड्यात संमतीपत्राची सुधारित प्रत आली. सगळ्यांच्या नव्याने सह्या घ्यायच्या होत्या, प्रत्येक पानावर. सुमनबाईंनी पहिल्या पानावर सही केली. मी ती जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि माझा जीव वर-खाली झाला. सही जुळत नव्हती. मॉनिटर गुरुवारी येणार होती.

"सुमनबाई, अहो, मागच्यासारखी नाही आली. परत करा बरं."

दुसरी आणखी बिघडली. तिसऱ्या वेळी पेन हातातून निसटून टेबलाखाली गेलं. मी वाकून ते उचललं. वर येताना त्यांचा हात माझ्या डोळ्यांसमोर आला, टेबलाच्या कडेवर ठेवलेला, आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच मी रुग्णाचा हात आकृतीशिवाय पाहिला. मधली दोन बोटं करंगळीकडे कलली होती. शेजारी डायरी उघडी होती. आजची तारीख, मोत्यासारखं अक्षर: तीस मिनिटं.

"हे आज सकाळी लिहिलंत?"

"हो."

"याच हाताने?"

त्यांनी हात पदराखाली घेतला. मी परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा कोरा कागद पुढे केला आणि नुसती आजची तारीख लिहायला सांगितली. आजही तो कागद आठवला की मला माझी लाज वाटते. त्यांनी कागदाकडे पाहिलं, पेनाला हात लावला नाही.

"सून लिहिते. रेखा," त्या म्हणाल्या. "पण तिच्या मनाचं नाही लिहीत हो. मी सांगते तेच लिहिते."

"आणि तुम्ही काय सांगता?"

त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा दोन तास बघून तुमचा चेहरा पडला. पुढच्या वेळी मी पावणेदोन सांगितलं, तर तुम्ही किती खूश झालात. मला चहा पाजलात. मग म्हटलं, दर वेळी थोडं थोडं कमी करू. तुमचंही मन राहील आणि माझंही नाव राहील."

बाकीचं एकेक करून बाहेर आलं. तपासणीच्या दिवशी त्या मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेऊन येत, सरांनी दाबलं तर कळवळायला नको आणि पट्टा दाबताना पारा जरा चढावा म्हणून. फेरी अकराची असल्याने तोवर बोटं जराशी सुटलेली असत. सुई सोडून दीड महिना झाला होता.

"खरं किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"साडेनऊ होतात. नळाचं पाणी जातं ना, तेव्हा सुटतात." आणि मग, इतके महिने मला मॅडम म्हणणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, "ताई, लिहू नका ना. काढून टाकतील."

माझाच बुवा माझ्यासमोर येऊन बसला होता.

मी त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. डायरी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि डबा उघडला. खोटं कशाला सांगू, मी तेव्हा त्यांच्या बोटांचा विचार करत नव्हते. गुरुवारचा करत होते. एक वाकडी सही "रुग्णाचा हात जड होता" एवढ्या शेऱ्यावर चालून गेली असती. डायरी सुंदर होती. पत्र दाराला चिकटलेलं होतं. ती पंधरा मिनिटं माझ्या कोणत्याही यादीत नाहीत.

डबा धुवायला बाहेर आले तर सुमनबाई पाण्याच्या कूलरपाशी उभ्या होत्या. पेला त्यांनी दोन मनगटांमध्ये धरला होता, लहान मूल धरतं तसा. नळ कोपराने दाबला. पाणी प्यायल्या, पेला मनगटांनीच जागेवर ठेवला आणि मी पाहते आहे हे दिसल्यावर हसून पदर तोंडाला लावला. मी डबा तसाच ठेवून सरांच्या खोलीत गेले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना आवाज चढवायची सवय नव्हती.

"सबनीसबाई, सोळाव्या आठवड्याला मी तुम्हाला म्हणालो होतो की सूज तशीच वाटते. तुम्ही काय म्हणालात?"

"डायरी बघा म्हणाले."

"आणि मी बघितली. म्हणजे गाढवं दोन आहेत. ती बाई आपल्याकडे हात घेऊन आली होती, आपण तिची वही तपासली." मग म्हणाले की औषध तर आजच सुरू करू, पण आकडा खरा हवा. "उद्या सकाळी तिच्या घरी जाऊन बघून या. तुमचं घड्याळ घेऊन."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी स्कूटीवरून येरवड्यात पोहोचले. दोन खोल्यांचं घर, टापटीप. रेखा खराडीला कामाला जायच्या गडबडीत होती. ती तिथे दिवसभर कॉम्प्युटरवर कोणा परदेशी लोकांचे फॉर्म भरायची. मला पाहून आधी दचकली, मग ताठ झाली. "मॅडम, मी दिवसाला शेकड्याने फॉर्म भरते. आजवर एकही परत नाही आला," असं म्हणाली. मी म्हटलं, माझाही नव्हता आला.

मग मी खुर्चीत बसून, मांडीवर वही घेऊन पाहात राहिले. सात वाजता सुमनबाईंनी उठून मोरी गाठली, नळ कोपराने फिरवला. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची तर काडी धरता येईना, ती रेखाने लावली. वेणी रेखाने घातली. चहाचा कप दोन तळव्यांत. साडेसातला मूठ अर्धी. आठला रेखा कंपनीच्या गाडीने गेली आणि घर शांत झालं. सुमनबाई कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही दर वेळी विचारायच्या ना किती मिनिटं. आता बघा मिनिटं." मी पाहिली. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. नऊ पस्तीसला नळ गुरगुरला, पाणी गेलं. त्यांनी हात पुसले आणि माझ्यासमोर हळूहळू मूठ वळवली. पूर्ण नाही, पण वळली.

दोन तास पस्तीस मिनिटं. माझ्या कपाटातल्या वहीत अर्धा तास होता.

औषध सुरू झालं. सुमनबाई अभ्यासातून बाहेर झाल्या, पण सरांनी त्यांचे उपचार स्वतःकडेच ठेवले. त्यांना ज्याची भीती होती तसं नाव गेलं, पण दार बंद झालं नाही. मॉनिटरने चार पानांचे शेरे लिहिले. नीटनेटकेपणाचं पत्र मी स्वतः सोलून काढलं. चिकटपट्टीच्या खुणा अजून कपाटाच्या दाराला आहेत. नवे एक्स-रे आले तेव्हा सरांनी जुन्यांशेजारी लावले. मधल्या दोन बोटांच्या सांध्यांत हाड कुरतडलेलं स्पष्ट दिसत होतं. मी विचारलं की सोळाव्या आठवड्याला औषध मिळालं असतं तर? ते म्हणाले, "हे त्या आठ आठवड्यांत झालं की त्याआधीच, हे कोणीही सांगू शकणार नाही." त्यांनी ते मला धीर देण्यासाठी म्हटलं. मी ते तसं घेतलेलं नाही.

सूज सहा महिन्यांत उतरली, यावेळी खरी, चढउतार करत. अंगठा आणि पहिलं बोट वाचलं. मधली दोन तशीच राहिली. मशीनवरचं पिको त्यांना जमू लागलं, पण फॉलची हातशिलाई गेली. न दिसणारे टाके गेले ते गेलेच. सुई हातात धरता येते, असं त्या मला मुद्दाम धरून दाखवतात. धरता येते. चालवता येत नाही.

नंतर मी काम करायची पद्धत बदलली. मिनिटं विचारणं सोडलं. दूध आलं तेव्हा मूठ वळत होती का, कणीक कोणी मळली, केस कोणी विंचरले, असं विचारते आणि मिनिटं नंतर स्वतः काढते. संधिवाताच्या फेऱ्या सकाळी आठला ठेवते. सगळ्यांत अवघड बदल म्हणजे कोणाचाही आकडा ऐकून "छान" म्हणायचं नाही. चेहराही पाडायचा नाही. नवऱ्याच्या मते मला हे घरी आधीपासूनच उत्तम जमतं.

पुढे कंपन्यांनी वह्याच काढून टाकल्या आणि तळहाताएवढी यंत्रं दिली. वेळ आपोआप पडे, मागाहून भरायची सोय नाही. मी खूश. पण त्या पडद्यावर टोचायला जी काडी होती ती अगरबत्तीहून बारीक. संधिवाताच्या रुग्णांना ती धरताच येईना. एवढ्या सगळ्या हुशार माणसांमध्ये हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी काडी घेऊन डोकं धरून बसले असताना सुमनबाई त्यांच्या औषधाच्या फेरीला आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून निळ्या फॉलची उरलेली पट्टी काढली, त्या काडीला घट्ट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "जाड केली की बसते," म्हणाल्या. त्यानंतर आमच्या केंद्रातल्या सगळ्या काड्यांना फॉल लागला. मॉनिटरने शेरा मारला. मी उत्तरात लिहिलं, रुग्णाच्या सूचनेवरून.

आता मी नव्या मुलींना हे काम शिकवते. वर्षभरापूर्वी माझ्या उजव्या अंगठ्याचं मूळ दुखू लागलं. तो आजार नाही, साधी झीज, एवढ्या वह्या लिहिल्यावर व्हायचीच. आता माझ्या पेनालाही निळी पट्टी आहे. सर सत्तरीला आले असले तरी आठवड्यातून तीन दिवस बसतात. त्यांनाच दाखवलं. सकाळी किती वेळ आखडतो, विचारलं. मी म्हटलं, वीस मिनिटं. पुढच्या महिन्यात म्हटलं, पंधरा. गेल्या महिन्यात म्हटलं, दहा.

सरांनी कागदावर पेनाने तीन पायऱ्या काढल्या आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"सबनीसबाई, हा जिना मी पाहिलेला आहे. उद्या सकाळी सातला या. आणि वही घरी ठेवा."

सातला गेले. कंपाउंडर अजून आला नव्हता, सरांनी स्वतःच दार उघडलं. रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, हवा भरली, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दाबा." मी दाबला. पारा थोडा चढला आणि थांबला. मी आणखी जोर लावला. तो तिथेच राहिला.

सरांनी आकडा लिहून घेतला. छान म्हणाले नाहीत. मला बरं वाटलं.